फ्लूमध्ये प्रोबायोटिकची कॅप्सूल आणि छातीतली ‘सूज’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. आज पाचवा दिवस. रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी ४८. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ऑसेलटॅमिव्हिर सुरू केलं आणि सोबत प्रोबायोटिकच्या, म्हणजे आरोग्याला उपयोगी ठरणाऱ्या ठरावीक जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल लिहून दिल्या. मेडिकलवाला म्हणाला, “याने छातीतली सूज उतरते, इम्युनिटीपण वाढते.” घरातलं दही-ताक मात्र बंद करायला सांगितलं, कफ होतो म्हणून. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की सहा वर्षांच्या मुलाला दर महिन्याला सर्दी होते, त्यालाही हेच चालू करू का?

आधी सासूबाईंचं, कारण ते घाईचं आहे. त्यांच्या आजारावरचं औषध ऑसेलटॅमिव्हिर आहे, ते सांगितलेले दिवस पूर्ण करा. प्रोबायोटिकची कॅप्सूल एखाद्या दिवशी राहून गेली तर काही बिघडत नाही, दिली तरी बहुधा बिघडणार नाही. पण तिच्या भरवशावर सीआरपी खाली यायची वाट बघू नका. पाचव्या दिवशी लक्ष ठेवायचं ते श्वासावर. बोलताना वाक्य तुटतंय का, ऑक्सिजन ९४ च्या खाली जातोय का, उतरलेला ताप पुन्हा चढलाय का, त्या गुंगीत आहेत का, साखर भडकलीय का. यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणं हे फ्लूवर जिवाणूंचा न्यूमोनिया बसल्याचं लक्षण असू शकतं, आणि मधुमेही माणसात तो पटकन बसतो.

आता कॅप्सूलकडे वळू.

एकच गोळी सूज उतरवते आणि इम्युनिटी वाढवते, हे ऐकताना तुम्हाला काही खटकलं नाही? मला दरवेळी खटकतं. विषाणू शिरल्यावर ताप येतो, घसा लाल होतो, नाक चोंदतं, सीआरपी चढतो, ती सूज म्हणजेच प्रतिकारशक्तीचं काम. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं, आणि ते बनवायचा हुकूम येतो पेशींनी सोडलेल्या आयएल-६ नावाच्या संदेशातून. म्हणजे ४८ हा आकडा ‘आतमध्ये फौज कामाला लागली आहे’ एवढंच सांगतो. फौज विषाणूंना मारतेय की घरचीच भांडी फोडतेय, ते त्या आकड्यातून कळत नाही.

आणि हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज हवीच असते. विषाणूला रोखणारं इंटरफेरॉन वेळेवर सुटलं नाही तर विषाणू मोकाट वाढतो. पुढे विषाणू कमी होत असताना काही जणांत सूज थांबत नाही, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात, वायुकोशांत पाणी भरतं आणि ऑक्सिजन उतरतो. नुकसान या दुसऱ्या टप्प्यातलं. कोविडमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने २०२० मध्ये हे फार स्वच्छ दाखवलं. डेक्सामेथासोनने, म्हणजे सूज दाबणाऱ्या स्टेरॉइडने, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांत सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. औषध तेच, आजार तोच, फरक वेळेचा. त्यामुळे ‘सूज कमी करते’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या दिवशीची सूज?

मग आतड्यातल्या जिवाणूंचा फुप्फुसाशी संबंधच नाही का? आहे, आणि तो खरोखर रंजक आहे. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो. तिथले जिवाणू आपण न पचवलेला चोथा आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, ॲसिटेट, प्रोपिओनेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ती रक्तात उतरतात, हाडांच्या मगजापर्यंत पोचतात, आणि तिथे घडणाऱ्या पांढऱ्या पेशींचा स्वभाव थोडा बदलतात. उंदरांवरचे दोन प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. २०११ चा अमेरिकेतला: उंदरांना आधी काही आठवडे अँटिबायोटिक्स पाजली, मग फ्लू दिला. त्यांची प्रतिकारशक्ती लुळी पडली, फुप्फुसात विषाणू जास्त सापडला. म्हणजे पोटातले जिवाणू फुप्फुसाला तयारीत ठेवत होते. दुसरा २०१८ चा: भरपूर तंतुमय आहारावर वाढवलेल्या उंदरांत फ्लू झाल्यावर न्यूट्रोफिलची नासधूस कमी, आणि विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशी मात्र जास्त तरतरीत. सूजही आटोक्यात आणि प्रतिकारही चांगला. मेडिकलवाल्याचं वाक्य जिथे जवळजवळ खरं ठरतं ती जागा ही. पण तिथे कॅप्सूल नव्हती, चोथा होता. आणि रुग्ण उंदीर होते.

माणसांत काय दिसलं? सगळ्यात भरवशाचा आढावा कोक्रेनचा (चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था), २०२२ चा. २४ चाचण्या, एकूण ६,९५० माणसं. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत निदान एकदा तरी वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग होण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी, आजाराची लांबी सरासरी सव्वा दिवसाने कमी, अँटिबायोटिकचा वापरही कमी. ऐकायला छान आहे. पण आढावा करणाऱ्यांनी स्वतःच या पुराव्याची खात्री कमी ते मध्यम धरली आहे, आणि हे सगळं प्रतिबंधाचं आहे. माणसं धडधाकट असताना आठवडेच्या आठवडे, बहुतेक ठिकाणी महिनोन्‌महिने, प्रोबायोटिक घेत होती. मग सर्दी आली. ताप भरल्यावर पाचव्या दिवशी सुरू केलेल्या कॅप्सूलचा हा पुरावा नव्हे. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांमध्ये नेमकी इथेच गल्लत होते.

आजार झाल्यावर दिलेल्या प्रोबायोटिकची मला माहीत असलेली सगळ्यात बोलकी चाचणी मेक्सिकोतली, कोविडच्या काळातली. घरीच उपचार घेणारे ३०० प्रौढ रुग्ण, अर्ध्यांना चार ठरावीक जिवाणूंचं मिश्रण (तीन प्लँटारम, एक पेडिओकॉकस) महिनाभर, अर्ध्यांना नुसती पोकळ कॅप्सूल. लक्षणं आणि विषाणू दोन्ही गेलेले रुग्ण पहिल्या गटात ५३ टक्के, दुसऱ्यात २८ टक्के. फुप्फुसांवरचे डागही कमी. गंमत म्हणजे विष्ठेतल्या जिवाणूंच्या एकूण रचनेत फारसा फरक पडला नाही. विषाणूविरोधी अँटिबॉडी मात्र वाढल्या. म्हणजे ‘चांगले जिवाणू पोटात जाऊन वस्ती करतात’ ही जाहिरातीतली कथा इथे लागूच पडत नाही. बहुतेक पाहुणे काही दिवस राहून निघून जातात, जाताना भिंतीतल्या पेशींशी काही बोलून जातात. एवढीच एक चाचणी, एकाच मिश्रणाची. तिच्यावरून तुमच्या हातातल्या, वेगळेच जिवाणू असलेल्या पाकिटाबद्दल काही ठरवता येत नाही.

उलट टोकाचा पुरावाही पाहा. कॅनडा, अमेरिका आणि सौदी अरेबियातल्या ४४ अतिदक्षता विभागांत व्हेंटिलेटरवरच्या २,६५० रुग्णांत एलजीजी (लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी) या प्रसिद्ध जातीची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. न्यूमोनिया प्रोबायोटिकच्या गटात २१.९ टक्के, पोकळ औषधाच्या गटात २१.३ टक्के. काहीही फरक नाही. वर आणखी, पोटात दिलेला तोच जिवाणू प्रोबायोटिकच्या गटात १५ रुग्णांत, जिथे एरवी जंतू नसतात अशा जागी (उदाहरणार्थ रक्तात) किंवा दुसऱ्या एखाद्या जागी मुख्य जंतू म्हणून सापडला. दुसऱ्या गटात एका. ब्रिटनमधल्या वृद्धाश्रमांत ३१० जणांना जवळपास वर्षभर प्रोबायोटिक देऊन पाहिलं, अँटिबायोटिक लागायचे दिवस काही कमी झाले नाहीत. सासूबाईंच्या वयाला जवळचा पुरावा हा आहे, तरुणांवरचा नाही.

‘घेऊन बघायला काय जातंय, दह्याचेच तर जंतू’, हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या जवळपास ३०० रुग्णांना याच विचाराने प्रोबायोटिक दिलं गेलं होतं. २००८ मध्ये निकाल आला तेव्हा प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले होते, दुसऱ्या गटात ६ टक्के. आतड्याचा रक्तपुरवठाच बिघडला होता काहींचा. घरी बसून फ्लू काढणाऱ्या माणसाला ही भीती नाही, म्हणूनच वर म्हटलं की बहुधा बिघडणार नाही. पण केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, मोठ्या रक्तवाहिनीत नळी असलेले, अतिदक्षता विभागातले आणि अपुऱ्या दिवसांची बाळं, यांना स्वतःच्या मनाने प्रोबायोटिक देऊ नका. सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट असलेली पावडर तर मोठ्या रक्तवाहिनीत नळी असलेल्या रुग्णाजवळ फोडूसुद्धा नये. हातावरून नळीत आणि नळीतून रक्तात बुरशी गेल्याच्या नोंदी आहेत.

एक कबुली द्यायला हवी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझ्या चिठ्ठ्यांवरही ही कॅप्सूल असायची. व्हिटॅमिन सी, झिंक, आणि ही. पुरावा होता म्हणून नव्हे. नातेवाईक दारात उभे असायचे आणि चिठ्ठीवर दोनच औषधं लिहिली तर त्यांना वाटायचं डॉक्टरांनी आमचा माणूस सोडून दिला. शिवाय बऱ्याच जणांना जुलाब होत होते, तिथे प्रोबायोटिकला थोडा तरी आधार आहे. पण ‘फुप्फुसाला बरं’ म्हणून मी ती कधीच लिहायला नको होती. आज लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, जी माझ्या मते कॅप्सूलपेक्षा जास्त नुकसान करते. आपल्याकडे अँटिबायोटिक आणि ‘लॅक्टिक ॲसिड बॅसिलस’ एकाच गोळीत किंवा एकाच पट्टीत विकलं जातं. साध्या सर्दीला लोक तीच पट्टी आणतात आणि वाटतं, पोटाची काळजी घेतली की झालं. सर्दी विषाणूची, अँटिबायोटिक तिला लागूच पडत नाही. ते लागू पडतं पोटातल्या जिवाणूंना, म्हणजे उंदरांच्या पहिल्या प्रयोगात जे केलं तेच आपण स्वतःवर करून घेतो. वर घेतलेलं प्रोबायोटिक ते भरून काढतं असंही नाही. इस्रायलमधल्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अँटिबायोटिकने होणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी होतात, हे खरं. त्याचा पुरावा चांगला आहे. पण आधी अँटिबायोटिक खरंच लागतंय का ते डॉक्टरांना विचारा. लागत असेल तर जिवाणूंची कॅप्सूल त्याच्यापासून दोन-तीन तासांनी द्या, नाहीतर एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्याने नांगरायचं.

पाकीट हातात असेल तर मागची बाजू वाचा. प्रजातीच्या नावापुढे जातीचा कोड हवा, उदाहरणार्थ ‘ऱ्हॅम्नोसस जीजी’ यातलं जीजी. कोड नसेल तर कुठल्या चाचणीचा आधार घ्यायचा तेच कळत नाही; ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हणजे ‘आंबा’ म्हटल्यासारखं आहे, हापूस की रायवळ ते कळायला नको? संख्या ‘तयार करताना’ किती आणि ‘मुदत संपेपर्यंत’ किती, यातलं दुसरं महत्त्वाचं. फ्रिजमध्ये ठेवायची कॅप्सूल एप्रिल-मे महिन्यात दुकानाच्या फळीवर पडलेली असेल तर ती घेऊ नका. आणि ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजिनस’ असं छापलेलं दिसलं तर समजा की छापणाऱ्यानेही फारसं वाचलेलं नाही. ते नाव शास्त्रात ग्राह्य नाही, तो बॅसिलस कोॲग्युलन्स.

आता दही. तुमच्या घरचं दही व्याख्येप्रमाणे प्रोबायोटिक नाही. कारण विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. शेजारच्या काकूंचं विरजण वेगळं, तुमचं वेगळं, पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं वेगळं. पण आंबवलेलं अन्न म्हणून ते उत्तम आहे, आणि सुजेच्या बाबतीत आंबवलेल्या अन्नाची बाजू मला कॅप्सूलपेक्षा भक्कम वाटते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांना दोन गटांत विभागून एका गटाला दहा आठवडे दही, केफिर, किमची असं आंबवलेलं भरपूर दिलं. त्यांच्या रक्तातली सुजेशी निगडित १९ प्रथिनं घटली, त्यात आयएल-६ सुद्धा होतं. गट लहान, आणि त्यांना फ्लू नव्हता, हे विसरायचं नाही.

कफाचं म्हणाल तर आयुर्वेदाचा दही रात्री न खाण्याचा नियम तुम्ही पाळत असाल तर पाळा, माझं काही म्हणणं नाही. पण दूधदुभत्याने शेंबूड वाढतो का, हे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला १९९० मध्ये तपासून झालंय. ६० जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला, रोज त्यांनी किती दूध घेतलं ते लिहून ठेवलं आणि नाकातून आलेला स्राव चक्क वजन करून मोजला. दुधाचा आणि स्रावाच्या वजनाचा काही संबंध निघाला नाही. दुधाने तोंडात चिकटपणा जाणवतो, तो आपण कफ समजतो. सासूबाईंना दुपारी फ्रिजबाहेरचं ताजं, पातळ ताक आवडत असेल तर द्या. तापात पाणी आणि मीठ पोटात जायला ताकासारखं दुसरं नाही. रक्तदाब असेल तर मीठ बेताचं. ताकाची कढी केली की जिवाणू मरतात, पण तोंडाला चव नसलेल्या माणसाला कढी-भात जातो हेही खरं, तेव्हा तीही चालेल. आंबील करत असाल तर शिजवून कोमट झाल्यावर वरून ताक घाला. ज्वारी-नाचणीचा चोथा आणि जिवंत जिवाणू दोन्ही मिळतात. तापात भाकरी घशाखाली उतरत नाही. बऱ्या झाल्या की ज्वारी, बाजरी, मटकी, हिरव्या भाज्या रोज असू द्या. मला एकच निवडायला सांगितलं तर मी कॅप्सूलचे पैसे भाजीला घालेन.

त्या पूर्ण बऱ्या झाल्या की डॉक्टरांना फ्लूच्या लशीचं विचारा. वयाची साठी-पासष्टी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला ती दरवर्षी घ्यायला हवी, आपल्याकडे शक्यतो पावसाळ्याआधी, कारण महाराष्ट्रात फ्लूची एक मोठी लाट पावसाबरोबर येते.

आणि मुलाचं. सहा वर्षांचं, शाळेत जाणारं मूल वर्षातून सहा-आठ वेळा सर्दीने आजारी पडणं हे नेहमीचंच आहे. मध्ये वजन वाढतंय, खेळतंय, न्यूमोनिया होत नाही, कान वाहत नाही, तर घाबरायचं कारण नाही. लहान मुलांतला पुरावा एकदम टाकाऊ नाही. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना सात दिवस प्लँटारमची एक ठरावीक जात आणि तिचं खाद्य दिलं, तर रक्तात जंतू पसरणं किंवा मृत्यू यांचं एकत्र प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं, छातीचे संसर्गही घटले. २०१७ चा हा निकाल जगभर गाजला. पण ती पहिल्या आठवड्यातली बाळं, ज्यांच्या पोटात अजून वस्ती बसायचीच होती. तुमच्या मुलाशी जुळणारी चाचणी फिनलंडची आहे: हेलसिंकीच्या पाळणाघरांतली ५७१ मुलं, एक ते सहा वर्षांची, सात महिने एलजीजी घातलेलं दूध. आजारपणामुळे बुडालेले दिवस ५.८ वरून ४.९ वर आले.

म्हणजे सात महिने रोज पाजून जेमतेम एक दिवस वाचला. त्या एका दिवसासाठी तुम्हाला रजा टाकावी लागत असेल आणि खर्च परवडत असेल तर जरूर द्या, फक्त जातीचा कोड बघून घ्या, आणि पावडर गरम दुधात किंवा वाफाळत्या वरणात कालवू नका. थंड दुधात, नाहीतर त्याच्या वाटीतल्या दह्यातच घाला.